सूर्याची प्रतिमा आणि उन्हातली बाई

दलित कवितेतल्या सूर्याविषयी मी वर्गात आजवर पुष्कळ बोलले आहे. हा सूर्य म्हणजे ज्ञान, हा सूर्य म्हणजे विद्रोह, हा सूर्य म्हणजे बाबासाहेब. शतकानुशतके अंधारात कोंडलेल्या माणसाने पाहिलेला हा पहिला उजेड, असे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात असेच बोलत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझी आई वीटभट्टीवर जाते. तिला सूर्य नको असतो." वर्ग हसला. मीही हसले. तास संपल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली, कारण माझी आईसुद्धा वीटभट्टीवरच जात होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पेणच्या आसपासच्या भट्ट्यांवर आईने अकरा हंगाम काढले. लुगड्यावर बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ती जायची, आणि संध्याकाळी परत आली की आधी पाय पाण्यात सोडून बसायची. डोके धरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओकारी झाली की "ऊन लागलं" एवढेच म्हणायची. मग तळपायाला कांदा चोळायचा, आमसुलाचे पाणी प्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला निघायचे. ह्या आईची मुलगी आज पंख्याखाली उभी राहून सूर्याच्या प्रतिमेवर बोलते, आणि तिच्या बोलण्यात आईचे ऊन कुठेच येत नाही. हे असे का झाले, ह्याचा शोध म्हणजे हा लेख.

दलित कवितेतला सूर्य खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. त्याच्या आधीच्या मराठी कवितेत ऊन कसे होते ते पाहिले म्हणजे ह्या सूर्याची आवश्यकता कळते. बालकवींच्या श्रावणातले ऊन शिरव्यांबरोबर खेळते. आपल्या मध्यमवर्गीय ललित लेखनात ऊन अंगणात उतरते, कौलातून झिरपते, खिडकीशी येऊन बसते. हे सगळे सावलीत बसून पाहिलेले ऊन आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आला, त्याच्या मागेपुढे दलित कवींची एक पिढीच उभी राहिली, आणि ह्या सुखवस्तू उन्हाची तिने राखरांगोळी केली. ते आवश्यक होते. परंतु प्रतिमा एकदा रूढ झाली की ती दाखवायची थांबते आणि झाकायला लागते. आमच्या कवितेतला सूर्य आकाशात इतका वर गेला की त्याच्याखाली विटा वाहणारी बाई त्याला दिसेनाशी झाली. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने दलित ह्या शब्दाच्या व्याख्येत भूमिहीन मजूर आणि स्त्रिया ह्यांनाही घेतले होते. व्याख्येत आलेली ही बाई सूर्याच्या कवितेत मात्र क्वचितच आली. आली ती बहुधा माता म्हणून, कवीच्या दुःखाचे निमित्त म्हणून. दुपारच्या दोन वाजता तिच्या शरीराचे काय होते, हा काव्यविषय झाला नाही.

गद्याने ह्याबाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखवला. बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमचं', शांताबाई कांबळे ह्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (दोन्ही १९८६), आणि पुढे २००३ मध्ये आलेले उर्मिला पवार ह्यांचे 'आयदान' ही पुस्तके ह्या दृष्टीने पुन्हा वाचावीत. 'आयदान'मध्ये डोंगरवाटेने डोक्यावर भार घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आहेत. तिथे अंतर आहे, चढ आहे, ओझे आहे, तहान आहे. ऊन ह्या सगळ्यांत मुरलेले आहे, त्याला वेगळे नाव द्यायची लेखिकेला गरज भासत नाही. दोष आम्हा वाचणाऱ्यांचा आहे. ह्या पुस्तकांवर मी स्वतः प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. 'जातीय अत्याचार', 'पुरुषी वर्चस्व', 'शिक्षणाची ओढ' ही आमची ठरलेली शीर्षके. 'कामाचे तास आणि शरीर' असा प्रश्न मी कधी विचारला नाही, आणि कोणी विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

आता ज्या भागात मी राहते तिकडे वळते. पेणहून रोह्याला जाताना गाडी कासू, नागोठणे अशी स्टेशने घेत जाते. उन्हाळ्यात गाडीच्या खिडकीतून भट्ट्यांचा धूर दिसतो. ह्या पट्ट्यातले रोजगार एकेक करून आठवले तर एक गोष्ट ध्यानात येते. कच्ची वीट उन्हात वाळते. पेणचे प्रसिद्ध पोह्याचे पापड वाळतात ते उन्हात. हमरापूर, जोहे ह्या गावांतल्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती रंगापूर्वी वाळाव्या लागतात. खाडीकाठी जवळा वाळतो, मिठागरात मीठ पिकते तेही उन्हानेच. म्हणजे ज्याला सरकारी भाषेत आपत्ती म्हणतात ते ऊन इथे उत्पादनाचे साधन आहे. ते फुकट आहे, आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याच्या मालकीचे आहे. वाळणाऱ्या वस्तूबरोबर तिला थापणारी, पसरणारी, पालटणारी, उचलणारी बाईही तेवढाच वेळ वाळते, एवढाच काय तो फरक. पापडवाल्याला, वीटवाल्याला सर्वांत मोलाची वेळ दुपारी बारा ते तीन. बाईला सर्वांत धोक्याची वेळ तीच.

आणि सावलीलाही जात आहे. पापड लाटण्याचे काम घरात, पडवीत बसून होते. मजुरी कमी, पण डोक्यावर कौल असते. माझ्या आईच्या तरुणपणी आमच्या वाडीतल्या बाईला पापड लाटायला कोणी बोलावत नसे, कारण पापड खायची वस्तू. वीट खायची नसते, म्हणून विटेला आमचा हात चालत होता. आज हे इतके उघड राहिलेले नाही, तरी भट्टीवर, खडीवर, बांधकामाच्या पाट्या वाहायला कोण दिसते आणि छपराखाली कोण, हे ज्याला पाहायचे त्याने पाहावे. भट्टीवर वस्ती करून राहतात ते बहुतांशी कातकरी. पावसाळ्याच्या अखेरीला घरात दाणा नसतो तेव्हा बयाणा घ्यायचा आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे, हे मी त्यांना सांगितले तर त्यांना नवलच वाटेल.

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये उष्णतेच्या लाटेत काय करावे आणि काय करू नये ह्याचे सरकारी पत्रक निघते. त्या मुलीच्या वाक्यानंतर मी ते पत्रक एखाद्या साहित्यकृतीप्रमाणे वाचायला घेतले. दुपारी बारा ते तीन उन्हात जाणे टाळावे. तहान नसली तरी पाणी प्यावे. सैल, फिकट, सुती कपडे घालावेत. छत्री, टोपी, पादत्राणे वापरावीत. लिंबूपाणी, ताक, लस्सी, तोरणी घ्यावी. 'तोरणी' हा शब्द मी वर्गात विचारला, एकालाही ठाऊक नव्हता. भाताचे पाणी असे सांगितल्यावर सगळे म्हणाले, म्हणजे पेज! ज्यांच्या घरात पेज रोज होते त्यांना कळू नये अशा शब्दात त्यांना पेज प्यायला सांगितले जाते.

पण शब्दापेक्षा व्याकरण अधिक बोलके आहे. 'पाणी प्यावे' ह्या क्रियापदाचा कर्ता पत्रक वाचणारी बाई आहे हे उघड असते. त्याच पत्रकात खाली कुठेतरी असेही असते की कामाच्या ठिकाणी थंड पाणी ठेवावे, कष्टाची कामे थंड वेळेत घ्यावीत. कोणी ठेवावे? कोणी घ्यावीत? इथे कर्ता हरवतो. जिथे मालकाचे नाव यायला हवे तिथे वाक्य कर्त्यावाचून उभे आहे. ह्या मजकुराचा अभिप्रेत वाचक दुपारी घरी असतो, त्याच्याकडे छत्री असते आणि सुती कपडे घेण्याची ऐपत असते. भट्टीवरच्या बाईच्या अंगावर स्वस्त नायलॉनची साडी आणि नवऱ्याचा टेरिकॉटचा सदरा असतो, कारण ते लवकर वाळतात आणि वर्षभर टिकतात. पाणी प्या म्हणावे तर ती म्हणते, "पानी प्यालं तर जायचं कुठं?" आडोसा नाही, म्हणून ती सकाळपासून घोटाघोटाने पिते आणि संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवते. जळजळ होते, ताप येतो. ऊन लागण्याचे अर्धे कारण हे आहे, आणि ते पत्रकात नाही.

आमच्याकडचे ऊन विदर्भासारखे नाही, असे सांगून पुष्कळजण विषय झटकतात. खरे म्हणजे दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही. आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. कोरड्या हवेतल्या चाळीसपेक्षा खाडीकाठचे छत्तीस अंगमेहनत करणाऱ्याला कमी जड नसतात. हवामान खाते किनारपट्टीवर उष्णतेची लाट मानते ती पारा किमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला तर. पेटत्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगाला काय लागते ते ह्या आकड्यात येत नाही. बरे, आकडेही इथे काही लहान नाहीत. रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या उगमाकडच्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जगाच्या नकाशावर भिरा चार दिवस झळकला. त्या आठवड्यात तिथल्या कामकरी बायांनी काय केले, ह्यावर मला एकही ओळ वाचायला मिळाली नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, १६ एप्रिल २०२३ रोजी, आमच्याच जिल्ह्यात खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला. मंचावर छप्पर होते, समोर बसलेल्या लाखोंच्या डोक्यावर नव्हते. १४ माणसे गेली. दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे त्यानंतर सरकारने सांगितले. म्हणजे इतके ऊन माणसाला मारते हे मान्य झाले. पण हा नियम कार्यक्रमांचा होता, कामाचा नव्हता. भाषण ऐकायला बसणे ज्या वेळेत धोक्याचे, त्या वेळेत डोक्यावर विटा घेऊन चालणे मात्र नेहमीचेच!

बाहेर काही हालचाल झालेली आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. 'सेवा' ह्या स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेतल्या सुमारे २१ हजार सभासदांसाठी उन्हाचा विमा काढला: पारा ठरावीक पातळीवर गेला की बुडालेल्या मजुरीपोटी पैसे. पहिल्या वर्षी ती पातळी गाठलीच गेली नाही आणि बायांना काही मिळाले नाही. २०२४ मध्ये नियम बदलले, महाराष्ट्रासह तीन राज्यांतल्या सुमारे ५० हजार स्त्रिया त्यात आल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना प्रत्येकी ४०० रुपये मिळाले. रक्कम लहान आहे. मला महत्त्वाचे वाटते ते पहिल्या वर्षीचे अपयश. बाई घामाने भिजली आहे आणि कागद म्हणतो अजून पुरेसे तापलेले नाही. ऊन कधी सुरू होते हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे.

ह्या मुलीच्या आईच्या भट्टीवर मी नंतर काही रविवार गेले. भट्टी रोह्याजवळची. रोज घरून येणाऱ्या बाया सतरा-अठरा. काही आमच्या बौद्धवाडीतल्या, काही वरच्या वाडीतल्या, आणि वेगळ्या झोपड्या करून राहणारी कातकरी कुटुंबे. बायांनी आपसात बोलून चार गोष्टी ठरवल्या होत्या: मांडव, पाणी, आडोसा आणि अकरा ते साडेतीन काम बंद. मी फक्त लिहून दिले. मालकाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मी कुठं थांबवतो? तुमची मजुरी हजारी आहे. तुम्हीच तुमच्या मालक. बसा की हवं तेवढं." हजार विटांवर मजुरी असली की उन्हाचा सगळा खर्च बाईच्या अंगावर पडतो, आणि वर तिला स्वातंत्र्य दिल्याचे पुण्यही मालकाला मिळते. शोषणाची इतकी स्वच्छ व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती. बायांना ते लगेच कळले. त्यांनी मागणी बदलली: हजारीचा दर एवढा वाढवा की दुपार सोडूनही पूर्वीइतकीच मजुरी पडेल.

दर वाढला नाही. मांडवाला बांबू मिळाले. झाप बायांनी विणले, खड्डे बायांनीच खणले. आडोशाला जुने पत्रे मिळाले. अलीकडे परिसंवादांतून 'लोकसहभाग' हा शब्द फार ऐकू येतो, त्याविषयी माझ्या मनात संशय आहे तो इथे. दहा तास विटा वाहणाऱ्या बाईने आपली सावलीही आपल्याच मेहनतीने उभी करायची, आणि त्याचे फोटो निघायचे! कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि विसाव्याला सावली असावी हे २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सरकारी कामांपुरते लिहून ठेवले होते. ते कागदावर किती आणि जमिनीवर किती उतरले हे कामावर गेलेल्या बायांना विचारावे. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाची बाजू घेतली, ती बाईच्या शरीराचा भार तिने एकटीने सोसायचा नाही ह्याच भूमिकेतून. गिरणीतल्या बाईसाठी जे तेव्हा बोलले गेले ते भट्टीतल्या बाईपर्यंत अजून पोचलेले नाही.

मांडवाखाली दोन माठ आले. मी गेले त्या पहिल्याच रविवारी ते पाहिले. एक आमच्या बायांचा, एक वरच्या वाडीतल्यांचा. मध्ये चार हात अंतर. कातकरी बाया दोन्हींपाशी येत नसत, डबडे घेऊन पाण्याच्या टाकीकडे जात. ज्याला आपण 'समाजाने एकत्र येऊन' असे सहज लिहितो तो समाज हा असा असतो. मी काही बोलले नाही. बोलायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. महाड इथून लांब नाही. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले १९२४ मध्ये, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी माणसांना पायी जाऊन ओंजळ भरावी लागली. मार्चच्याच उन्हात. त्याच १९२७ मध्ये मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. एका जिल्ह्यात एका वर्षी एक पाणी यंत्राने डोंगर उतरले, आणि दुसरे घ्यायला माणसांनी डोकी फोडून घेतली.

एप्रिलमध्ये वरच्या वाडीतली एक वहिनी भट्टीच्या तोंडाशी कोसळली. त्यांचा माठ रिकामा होता. आमच्या बायांनी आपल्या माठातले पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतले, लुगडे भिजवून वारा घातला, शुद्धीवर आल्यावर मीठसाखरेचे पाणी पाजले. ती प्याली. कोणी काही म्हणाले नाही. मला वाटले होते दुसऱ्या दिवशी एकच माठ राहील. तसे झाले नाही. आठवड्याने दोन्ही माठ गेले आणि बायांनी वर्गणी काढून तोटीचा पिंप आणला. तोटीला कोणाचाही हात आत बुडत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालला. कातकरी बायाही येऊ लागल्या. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकाने ह्याला क्रांती म्हटले. मला तसे वाटत नाही. तोटीने प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला. पण त्या उन्हाळ्यात बायांनी दुपारीसुद्धा पाणी प्यायले, आणि ते त्यांनी आपसात ठरवून घडवले, हेही खोटे नाही.

कातकरी बाया मांडवात बसत नाहीत. त्यांच्यावर बयाण्याचा आकडा आहे. त्या रात्री दोनला उठून दिव्याच्या उजेडात वीट थापतात आणि उन्हे चढण्याआधी थांबतात. उन्हावरचा हा त्यांचा स्वतःचा, कोणी न शिकवलेला उपाय आहे, आणि त्याची किंमत त्या झोपेने देतात. पोरे चिखलाच्या कडेला गोणपाटावर निजलेली असतात. त्यांच्या मागण्या बायांच्या चार मागण्यांत नव्हत्या. बयाणा फिटल्याशिवाय त्या काय मागणार?

यंदा मी वर्गात सूर्याची कविता शिकवली, ती गाळली नाही. मात्र आधी मुलांना त्यांच्या घरातल्या कोणाची तरी दुपार लिहून आणायला सांगितले. बावीस जणांनी लिहिले. त्या मुलीने अर्धे पान लिहिले. त्यात सूर्य हा शब्द नाही, 'वाजले' हा शब्द सात वेळा आहे. माझ्या आईला मी ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाय, हिनं पाय लिवले नाहीत. पाय पयले भाजतात."

झाप पावसात कुजले आहेत, ते नव्याने विणावे लागतील. हजारीच्या दराचे बोलणे दिवाळीनंतर, भट्टी लागण्याआधी करायचे असे बायांनी ठरवले आहे, कारण त्या वेळी मालकाला माणसांची गरज अधिक असते. ह्या खेपेला कातकरी वाडीतही आधी जाऊन बोलायचे, असे वरच्या वाडीतल्या त्या वहिनीनेच सुचवले.